विश्लेषण : घरी केलेल्या स्पीकर बॉक्समध्ये रुई का भरायची? किती, कुठे आणि कधी नाही?

प्लायची आठ बाय चारची शीट, आठ इंची वूफर, छोटा ट्वीटर आणि तयार अॅम्प्लिफायर बोर्ड. एवढ्या सामानात घरी किंवा ओळखीच्या सुताराकडून स्पीकर करून घेण्याची हौस भुसावळ, जळगाव, धुळ्याला नवी नाही. कुणाला तो टीव्हीला जोडायचा असतो, कुणाला भजनी मंडळासाठी हवा असतो. बॉक्स तयार होतो, रंगही लागतो आणि पहिलेच गाणे लावल्यावर लक्षात येते, की ढोलकी नुसती घुमते आहे आणि गायकाचे शब्द रांजणातून आल्यासारखे येत आहेत. मग वूफरला दोष दिला जातो. त्याहून महागडा वूफर आणला जातो आणि रांजण तसाच राहतो.

अशा वेळी दोष बहुधा बॉक्समध्ये कोंडलेल्या हवेचा आणि बॉक्सच्या फळ्यांचा असतो. त्यावरच्या उपायाला डॅम्पिंग म्हणतात. नाव परके असले तरी त्याचे सामान कापसाच्या या पट्ट्यात कोणत्याही गादीवाल्याकडे मिळते. प्रश्न असतो तो ते कुठे घालायचे, किती घालायचे आणि कुठे मुळीच घालायचे नाही, याचा.

बॉक्सच्या आत काय घडते?

वूफरचा कोन पुढे ढकलला गेला, की समोर आवाज जातो. त्याच क्षणी मागच्या बाजूलाही तितकाच आवाज जातो, पण उलटा. समोर हवा दाबली जात असते तेव्हा मागे ती विरळ होत असते. हे दोन आवाज उघड्यावर एकत्र आले तर खालचे सूर एकमेकांना खोडून काढतात. बॉक्स न लावता वूफर हातात धरून वाजवला तर बेस येत नाही, तो यामुळेच. मागचा आवाज अडवण्यासाठी बॉक्स लागतो.

पण अडवलेला आवाज संपत नाही. तो मागच्या फळीवर आपटून परत येतो आणि वूफरचा कोन पातळ कागदाचा असल्यामुळे त्यातून बाहेर पडतो. मूळ आवाजाच्या किंचित मागून आलेला हा दुसरा आवाज शब्द गढूळ करतो.

त्यातही समोरासमोरच्या दोन समांतर फळ्यांमध्ये काही ठरावीक सूर अडकून घुमत राहतात. कोणता सूर अडकणार हे साध्या भागाकाराने काढता येते : आवाजाचा वेग भागिले फळ्यांमधल्या अंतराची दुप्पट. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर एक फूट अंतरात ५६२ हर्ट्झचा सूर अडकतो आणि दोन फुटांत २८१ हर्ट्झचा. माणसाच्या बोलण्यातले स्वर, म्हणजे ‘अ’ आणि ‘ओ’ यांतला फरक ज्यामुळे कानाला कळतो तो भाग, नेमका याच पट्ट्यात आणि त्याच्या थोडा वर असतो. म्हणून शब्द रांजणातून येतात.

आता सुताराची सोय पाहा. आठ बाय चारच्या शीटमधून तुकडा वाया जाऊ नये म्हणून एक फूट रुंद, एक फूट खोल आणि दोन फूट उंच असा बॉक्स कापला जातो. आवाजाच्या दृष्टीने याहून वाईट माप सापडणे कठीण. रुंदी आणि खोली दोन्ही ५६२ हर्ट्झवर घुमतात आणि दोन फूट उंचीचा दुसरा सूरही बरोबर ५६२ वरच येतो. तिन्ही बाजू एकाच सुराच्या मागे लागतात. तेवढीच हवा, म्हणजे सुमारे ५७ लिटर, मावणारा पण आतून २४, ३८ आणि ६२ सेंटिमीटरचा बॉक्स केला तर तीन वेगळे सूर मिळतात आणि प्रत्येकाचा त्रास कमी होतो. प्लायचा थोडा तुकडा वाया गेला तरी चालेल. रुईवरचे निम्मे काम इथेच वाचते.

एकाच शब्दात दोन कामे

डॅम्पिंग या एका शब्दाखाली दोन वेगळी कामे येतात आणि बहुतेक घोटाळा इथूनच सुरू होतो. पहिले काम आतल्या हवेतला आवाज शोषण्याचे. त्यासाठी सच्छिद्र, तंतुमय, हलका पदार्थ लागतो : रुई, लोकर, उशीतले पॉलिएस्टर, काचेची लोकर म्हणजे ग्लासवूल. दुसरे काम फळ्यांची थरथर मारण्याचे. त्यासाठी जड आणि चिवट पदार्थ लागतो : डांबरी फेल्ट, ब्युटाइलची शीट, आतून मारलेला आडवा लाकडी दांडा. रुईने फळी शांत होत नाही आणि डांबरी शीट हवेतला आवाज खात नाही. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेले, की पैसे जातात आणि घुमणे राहते.

फळी दोषी आहे का, हे पाहण्याची युक्ती भुसावळला सांगायची गरज नाही. गाडी फलाटावर थांबली, की चाकांवर हातोडी मारत जाणारा रेल्वे कर्मचारी इथल्या जुन्या लोकांनी पाहिलेला आहे. शाबूत चाक खणखणीत वाजायचे, तडा गेलेले चाक बसक्या आवाजाने ते सांगायचे. बॉक्सच्या बाबतीत निकाल उलटा लावायचा. बोटाच्या पेराने फळीवर मधोमध टकटक केली आणि ती दिमडीसारखी वाजली तर फळी दोषी; आवाज बुजरा, आखूड आला तर ठीक.

ब्रिटनच्या बीबीसीने या फळ्यांवर बरेच काम केले. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी त्यांनी १९७०च्या दशकात एलएस ३/५ए नावाचा लहान स्पीकर तयार केला. त्याच्या फळ्या बर्च प्लायच्या आणि जेमतेम १२ मिलिमीटर जाडीच्या होत्या. आतून त्यांना डांबरी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. जाड फळी घुमते तेव्हा ती कानाला जास्त बोचणाऱ्या वरच्या सुरात घुमते. पातळ फळीला जड अस्तर दिले तर घुमणे खाली सरकते आणि लवकर विझते, असा त्यामागचा विचार. त्याआधी, १९५०च्या दशकात व्हार्फडेल कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी दोन प्लायच्या मध्ये वाळू भरून फळ्या केल्या होत्या. तापीकाठी हा प्रयोग करायचा तर वाळू भट्टीवर कोरडी करून घ्यावी लागेल आणि बॉक्स उचलायला दोन माणसे लागतील.

डांबराच्या बाबतीत भुसावळकरांनी जपून राहावे. रस्त्याच्या कामावरचे डांबर आणून फळीला फासण्याची कल्पना स्वस्त वाटते. पण रस्त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मऊ होण्याचा बिंदू किमान ४७ अंश सेल्सिअस धरलेला आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत, अॅम्प्लिफायरच्या शेजारी, तापमान आणखी चढते. ते डांबर ओघळून वूफरच्या चुंबकावर यायला वेळ लागणार नाही. मोटारीच्या दारांसाठी मिळणारी ब्युटाइलची शीट उन्हात तापणाऱ्या पत्र्यासाठीच बनवलेली असते; ती परवडते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे समोरासमोरच्या मोठ्या फळ्यांमध्ये एक लाकडी दांडा घट्ट बसवणे. तो बरोबर मधोमध बसवू नये, थोडा बाजूला बसवावा, म्हणजे फळीचे दोन सारखे तुकडे होत नाहीत आणि दोन्ही एकाच सुरात घुमत नाहीत.

तंतू आवाज कसा खातात?

आवाज म्हणजे हवेची पुढे-मागे होणारी हालचाल. ही हवा बारीक तंतूंच्या जाळ्यातून जाताना घासते आणि तिच्यातली ऊर्जा उष्णतेत जाते. उष्णता इतकी किरकोळ असते, की हाताला कळत नाही. घर्षण जितके जास्त पृष्ठभागावर, तितके शोषण जास्त. कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका बारीक असतो. त्यामुळे थोड्या वजनात भरपूर पृष्ठभाग मिळतो. उशीतल्या पॉलिएस्टरचा तंतू सहसा याहून जाड, म्हणून ते थोडे जास्त घालावे लागते. केळीच्या खोडाचा तंतू या भागात मुबलक. पण तो सुतळीसारखा राठ असतो, एकटा फारसा उपयोगी पडत नाही.

इथेच एक बारकावा आहे, जो बहुतेक घरगुती बॉक्समध्ये चुकतो. फळीला लागून असलेली हवा हलूच शकत नाही. फळी तिला अडवते. अडकलेल्या सुराची सर्वांत जास्त हालचाल फळीपासून त्याच्या पाव लांबीवर होते. ५६२ हर्ट्झच्या सुरासाठी ही जागा १५ सेंटिमीटरवर, म्हणजे एक फूट बॉक्सच्या बरोबर मध्यावर येते. मग फळीला चिकटवलेला अर्धा इंची फोम त्या सुराचे काय करणार? जिथे हवा हलतच नाही तिथे तो बसलेला असतो. असा पातळ थर वरचे सूर थोडेफार खातो. शब्द गढूळ करणारा सूर तसाच राहतो. बंद बॉक्समध्ये रुई मध्यापर्यंत पोहोचली पाहिजे, ती यासाठी.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा उल्लेख करायलाच हवा, कारण दोन्ही हमखास सुचवले जातात. ट्रे पातळ पुठ्ठ्याचा, थर्माकोलची छिद्रे बंद. दोन्हींतून हवा जात नाही, म्हणून घर्षणही होत नाही. कोणताही पदार्थ घेताना तोंडाजवळ धरून फुंकर मारावी. फुंकर थोड्या अडथळ्याने पलीकडे गेली तर पदार्थ कामाचा. गादीचा उघड्या छिद्रांचा फोम या परीक्षेत पास होतो. पॅकिंगचा गुळगुळीत फोम नापास होतो.

बंद बॉक्स : रुईची खरी जागा

स्पीकर बॉक्सचे दोन मुख्य प्रकार. एक पूर्ण बंद, दुसरा पोर्टचा, म्हणजे ज्याच्या फळीत पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून हवेला वाट दिलेली असते. रुई भरण्याचे नियम दोघांसाठी अगदी वेगळे आहेत.

बंद बॉक्समध्ये तंतू आणखी एक काम करतात आणि ते बरेच गमतीचे आहे. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला. तोवर चांगला बेस हवा तर कपाटाएवढा बॉक्स लागतो, असा समज होता. व्हिल्चर यांनी वूफर मुद्दाम सैल ठेवला आणि छोट्या, घट्ट बंद बॉक्समधल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. आत ग्लासवूल भरले. १९५६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि पुस्तकांच्या कपाटात मावणारे स्पीकर जगभर रुळले.

ग्लासवूल का? हवा झटकन दाबली, की ती तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तसेच. तापलेली हवा जास्त ताठ होते. आत तंतू असतील तर ती उष्णता तंतू शोषून घेतात, हवा मऊ राहते आणि वूफरला बॉक्स प्रत्यक्षाहून मोठा वाटतो. हिशेबाने हा फायदा जास्तीत जास्त १.४ पटीचा, प्रत्यक्षात १० ते २० टक्के मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे २० लिटरचा बॉक्स २२ ते २४ लिटरसारखा वागतो. पाव किलो रुईत एवढे मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

किती भरायची याचा प्रचलित अंदाज एका लिटरला ८ ते १६ ग्रॅम असा आहे. २५ लिटरच्या बॉक्सला २०० ते ४०० ग्रॅम, वरच्या ५७ लिटरच्या बॉक्सला साधारण साडेचारशे ते नऊशे ग्रॅमच्या आसपास. जिनिंगमधून निघणारी रुईची गाठ १७० किलोची असते. एका गाठीत २५ लिटरचे सहा-सातशे बॉक्स भरतील. रुई ठासून भरणे मात्र टाळावे. ठासलेली रुई हवेला वाटच देत नाही, उलट जागा खाते आणि बेस बारीक, कोरडा होतो. घालताना हाताला ती सैल, फुगलेली वाटली पाहिजे.

म्हणूनच सरकी काढलेली आणि पिंजलेली रुईच घ्यावी. जुन्या गादीतली घट्ट झालेली, गोळे झालेली रुई तशीच कोंबली तर वजन भरते, पण तंतू मोकळे नसल्याने काम होत नाही. ती पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतली, की उपयोगी पडते. धूळही निघून जाते.

रुईची अडचण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळते. बेसच्या हादऱ्यांनी ती खाली बसते आणि बॉक्सचा वरचा भाग रिकामा होतो. यावर खान्देशातल्या घराघरांत माहीत असलेला उपाय आहे : गोधडी. मांजरपाटाच्या दोन थरांमध्ये रुई पसरून धाव दोऱ्याने चौकटी टाकायच्या. अशी छोटी, सैल गोधडी बॉक्सच्या मध्यातून पडद्यासारखी टांगली किंवा नागमोडी घडी करून बसवली तर रुई जागची हलत नाही, तंतू वूफरच्या मागे अडकत नाहीत आणि गरज पडल्यास एका हाताने बाहेर काढता येते. कापड विरळ विणीचेच हवे. रेक्झिन किंवा घट्ट टेरिकॉट वापरले तर फुंकरीच्या परीक्षेत तेच नापास होईल.

लोकरीचाही इतिहास आहे. ब्रिटनमध्ये आर्थर बेली यांनी १९६५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एका वेगळ्या बॉक्सची रचना मांडली. त्यात वूफरमागचा आवाज लांब, घडी घातलेल्या बोळातून नेला होता आणि तो बोळ लांब तंतूंच्या लोकरीने भरला होता. धुळे जिल्ह्यात ठेलारी आणि धनगर समाजाच्या मेंढ्यांची लोकर मिळते. ती दख्खनी, राठ आणि आखूड असते, त्यामुळे थोडी जास्त लागते. जुन्या घोंगडीचा तुकडा फळीपासून थोडा सुटा टांगला तर तोही चांगले काम करतो. लोकर धुऊन, वाळवूनच घालावी आणि कसर लागणार नाही याची काळजी घ्यावी.

पोर्टचा बॉक्स : इथे हात आखडता

पोर्टच्या बॉक्समध्ये पाइपमधली हवा आणि बॉक्समधली हवा मिळून ठरावीक खालच्या सुरावर डोलतात आणि वूफरला साथ देतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती वाजते, तेच तत्त्व. बाटलीत कापूस कोंबला तर ती वाजणार नाही. पोर्टच्या बॉक्समध्ये रुई ठासून भरणारा माणूस नेमके हेच करत असतो. पोर्टचे पैसे दिले, भोक पाडले आणि मग त्याचा गळा दाबला.

अशा बॉक्समध्ये वूफरच्या मागची फळी, एखादी बाजू आणि वरची फळी यांवर दोन ते पाच सेंटिमीटरचा थर पुरतो. वूफर आणि पोर्टच्या आतल्या तोंडामधला रस्ता मोकळा ठेवावा. पोर्टच्या तोंडासमोर निदान पाइपच्या व्यासाइतकी जागा रिकामी हवी. सुटी रुई किंवा ग्लासवूल असेल तर हवेच्या झोताबरोबर तंतू बाहेर उडतात. इथे तर गोधडीच हवी. पोर्टला बारीक जाळी लावावी, कारण आत रुई आहे हे उंदरांना माणसांआधी कळते.

लग्नाच्या वरातीतले मोठे बेस बॉक्स आणि होम थिएटरचे सबवूफर यांना आतून काहीच का नसते, असा प्रश्न पडतो. ते साधारण १०० हर्ट्झच्या खालीच वाजवले जातात. दोन फुटी बॉक्सचा अडकणारा सूर २८१ हर्ट्झचा. तो सूर तिथे पोहोचतच नाही, तर शोषायचे काय? त्या बॉक्सना जाड फळ्या आणि आतले दांडे हवेत. रुईचा खरा फायदा होतो तो मधल्या सुरांच्या, म्हणजे माणसाचा आवाज वाहणाऱ्या बॉक्सला. भजनी मंडळाच्या स्पीकरसाठी डॅम्पिंगवर खर्च करावा, वरातीच्या बेससाठी लाकडावर.

आग, पाऊस आणि खाज

रुई पटकन पेट घेते, हे कापसाच्या गंजींना लागणाऱ्या आगी पाहिलेल्या भागाला नव्याने सांगायला नको. ज्या बॉक्समध्ये अॅम्प्लिफायर, ट्रान्सफॉर्मर किंवा क्रॉसओव्हरचे गरम होणारे रेझिस्टर आहेत, त्या कप्प्यात रुई घालू नये. मध्ये प्लायची आडवी भिंत घालून इलेक्ट्रॉनिक भाग वेगळा ठेवावा. हे जमत नसेल तर न पेटणारी ग्लासवूल किंवा रॉकवूल घ्यावी. तिचे तंतू कातडीला खाज आणतात आणि नाका-घशात जातात. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काम करावे आणि ती मांजरपाटाच्या पिशवीत शिवूनच बसवावी.

दुसरी अडचण ओलीची. नेहमीच्या दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पावसाळ्यात मंदिराच्या ओट्यावर राहणाऱ्या स्पीकरसाठी म्हणून पॉलिएस्टरच बरे. रुई तिथे जड होते, बसते आणि बुरशी धरते. घरातल्या कोरड्या कपाटावरच्या स्पीकरला रुई चालते.

उन्हाचा परिणाम मात्र वाटतो तितका नसतो. हवा तापली, की आवाजाचा वेग वाढतो : २० अंशांना ३४३ मीटर, तर ४५ अंशांना सुमारे ३५८. त्यामुळे २८१चा अडकलेला सूर भुसावळच्या मे महिन्यात २९३ वर जातो. तो सरकतो, संपत नाही. रुईला दोन्ही सारखेच.

कानाने कसे ठरवायचे?

संगीत लावून पारख करणे अवघड, कारण घुमणारा बेस सुरुवातीला आवडतोच. बीबीसीच्या अभियंत्यांनी स्पीकर पारखताना माणसाच्या साध्या बोलण्यावर भर दिला. जळगाव आकाशवाणीवरचे पुरुष निवेदकाचे बोलणे त्यासाठी उत्तम. बॉक्स आधी रिकामा वाजवावा. मग शंभर-शंभर ग्रॅम रुई वाढवत तेच बोलणे त्याच आवाजात, त्याच जागी बसून ऐकावे. एका टप्प्यावर निवेदक रांजणातून बाहेर येतो. त्यापुढे रुई घातली, की आवाज हळूहळू निर्जीव होऊ लागतो. तिथून शंभर ग्रॅम काढून घ्यावी. दोन बॉक्स असतील तर दोन्हींत वजनकाट्यावर मोजून सारखीच रुई घालावी, नाही तर डावा-उजवा वेगळा वाजतो.

हे करायचे तर बॉक्स पुन्हा पुन्हा उघडावा लागतो. म्हणून मागची फळी फेव्हिकॉलने चिकटवण्याची घाई सुताराला करू देऊ नये. फळीच्या कडेने फोमची पातळ पट्टी लावून ती दर चार-पाच इंचांवर स्क्रूने आवळावी. बंद बॉक्समधून हवा सुटत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात रुई बदलायची झाली तर पेचकस पुरतो.